पाच मिनिटं थांबा, तल्लफ उतरते!

सुरुवातीलाच एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीत पानभर लिहायची वेळ दहावीनंतर आज पहिल्यांदाच आलीय. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. पण हा विषय आपल्याच भाषेत सांगायला हवा, कारण रात्री दोन वाजता हॉस्टेलच्या गॅलरीत आपण एकमेकांशी इंग्रजीत बोलत नाही!

दुसरी कबुली. फर्स्ट इयरच्या सबमिशनपासून मी सिगारेट ओढत होतो. ड्रॉइंगच्या शीट्स संपवता संपवता आधी एक, मग दोन आणि सेकंड इयर संपेपर्यंत दिवसाला दहा. गेल्या जुलैमध्ये मी आणि माझा रूम पार्टनर, दोघांनी एकाच दिवशी सोडायचं ठरवलं. उरलेलं पाकीट मेसच्या कचऱ्यात टाकलं, टाळी दिली-घेतली. चौथ्या दिवशी तो मला परत टपरीवर दिसला. म्हणाला, "जाऊ दे यार, आपल्यात विलपॉवरच नाहीये."

माझी अजून सुटलेली आहे (मध्ये एकदा घसरलो, ते पुढे सांगतो). पण माझ्यात त्याच्यापेक्षा जास्त विलपॉवर आहे असं अजिबात नाही. रोज सकाळी सहाला उठायचा संकल्प मी तीन वर्षं करतोय! फरक एवढाच की तल्लफ म्हणजे नक्की काय, हे मला थोडं वाचायला मिळालं. तेच इथे मांडतो.

तल्लफ येते कुठून?

झुरका घेतला की धुरातलं निकोटिन फुफ्फुसातून रक्तात आणि तिथून मेंदूत जातं. याला फक्त दहा ते वीस सेकंद लागतात. मेंदूत अ‍ॅसिटिलकोलिन नावाच्या रसायनासाठी काही रिसेप्टर असतात, म्हणजे कुलपं समजा. निकोटिन ही त्या कुलपांना लागणारी डुप्लिकेट किल्ली. ती फिरली की डोपामिन सुटतं आणि बरं वाटतं. रोज रोज अशी किल्ली फिरायला लागली की मेंदू त्या कुलपांची संख्याच वाढवतो. मग एक दिवस आपण पुरवठा बंद केला की ही वाढलेली कुलपं रिकामी राहतात आणि बोंब मारतात. चिडचिड, लक्ष न लागणं, झोपेचं खोबरं, सारखी भूक आणि मुख्य म्हणजे तल्लफ, ही सगळी तीच बोंब.

आता थोडं गणित. रक्तातल्या निकोटिनची हाफ लाइफ साधारण दोन तास. म्हणजे दोन तासांनी निम्मं, चार तासांनी पाव, आणि आठ तासांची झोप झाली की सोळावा हिस्सा. सकाळी उठल्या उठल्या पहिली सिगारेट एवढी 'गरजेची' का वाटते, ते इथे कळतं. आपण म्हणतो की सिगारेटने टेन्शन जातं. पण त्यातलं बरंचसं टेन्शन आधीच्या सिगारेटनेच आणलेलं असतं. म्हणजे वर्कशॉपमध्ये स्वतःच पाइपला भोक पाडायचं, स्वतःच वेल्डिंग करायचं आणि वर शाबासकी घ्यायची!

चौथ्या दिवसाची गोष्ट

सिगारेट सोडल्यावर त्रास सगळ्यात जास्त असतो तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. त्यानंतर तो कमी होत जातो, आणि बहुतेकांना दोन ते चार आठवड्यांत बराच आराम पडतो. वाढलेले रिसेप्टरसुद्धा काही आठवड्यांत हळूहळू पूर्ववत होतात. माझ्या पार्टनरने हार मानली ती चौथ्या दिवशी. घाटाचा सगळ्यात अवघड चढ त्याने चढला होता, आणि उतार लागला तिथेच गाडी मागे वळवली. त्याला हे कोणी सांगितलं असतं तर? मीही सांगितलं नाही, कारण तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

पाच मिनिटांचा हिशोब

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा. आपल्याला वाटतं की तल्लफ आली आणि सिगारेट ओढली नाही, तर ती वाढतच जाईल आणि शेवटी डोकं फुटेल. तसं होत नाही. तल्लफ चढते, टोकाला पोचते आणि आपोआप उतरते. बहुतेक वेळा हा सगळा खेळ काही मिनिटांचाच असतो. अ‍ॅलन मार्लाट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने याला समुद्राच्या लाटेची उपमा दिली होती. लाटेशी कुस्ती खेळायची नाही, तिच्यावर तरंगायचं आणि ती ओसरेपर्यंत बघत राहायचं.

माझा विश्वास बसला नाही. मग मी मोबाइलचा स्टॉपवॉच लावला. तल्लफ आली की स्टार्ट, गेली की स्टॉप, आणि जर्नलच्या मागच्या पानावर एक रेघ. पहिल्या दिवशी १७ रेघा झाल्या. सगळ्यात लांब तल्लफ सात मिनिटांची होती, बाकीच्या तीन ते पाच मिनिटांच्या. पंधराव्या दिवशी रेघा उरल्या चार. सात मिनिटं तर आपण मेसच्या लायनीत रोज उभे राहतो!

त्या पाच मिनिटांत काय करायचं? मला उपयोगी पडलेल्या गोष्टी:

१) जागा बदला. गॅलरीत असाल तर खोलीत या, खोलीत असाल तर जिना उतरून चढा.

२) ग्लासभर पाणी घोट घोट प्या.

३) हळू आणि खोल दहा श्वास घ्या. झुरका घेताना आपण नकळत दीर्घ श्वासच घेत असतो. तेवढा भाग ठेवा, धूर वगळा!

४) तोंड आणि हात कामाला लावा. लवंग, बडीशेप, शेंगदाणे, गाजर, काहीही चालेल. सुपारी-गुटखा मात्र नको, ते आगीतून फुफाट्यात.

५) स्वतःला 'कधीच नाही' म्हणू नका. 'आत्ता पाच मिनिटं नाही' एवढंच म्हणा. 'कधीच' हा शब्द फार जड जातो.

तीन दिवसांनी शरीरात निकोटिन नसतं, मग तल्लफ का?

हाफ लाइफचं गणित पुढे नेलं तर तीन दिवसांनी रक्तात निकोटिन जवळजवळ शून्य. तरी महिन्याभराने टपरीवरून जाताना पाय का अडखळतात? इथे पावलॉव्हचा कुत्रा आठवा. घंटा आणि जेवण यांची जोडी जमली की नुसत्या घंटेनेही लाळ सुटते. आपल्या घंटा म्हणजे कटिंग चहा, जेवण झाल्यावरची दहा मिनिटं, ओरलच्या बाहेरची लाइन, आणि "चल रे, येतोस का?" ही हाक. मेंदूने हे सगळं सिगारेटला जोडून ठेवलंय. ही जोडी तुटते कशी? घंटा वाजली आणि जेवण आलंच नाही, असं पुन्हा पुन्हा झाल्यावर. म्हणजे तुम्ही सिगारेटशिवाय पार केलेली प्रत्येक तल्लफ पुढची तल्लफ थोडी लहान करते. ती पाच मिनिटं वाया जात नाहीत, जमा होतात.

सुरुवातीचे दोन-तीन आठवडे मात्र या घंटांपासून लांब राहिलेलं बरं. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्रात सुट्या सिगारेटच्या विक्रीवर २०२० पासून बंदी आहे. प्रत्यक्षात काय होतं ते आपण सगळे बघतोच. म्हणून स्वतःच दुसऱ्या गेटने जायचं!

चहा आणि च्युइंगम: माझी फजिती

सोडल्यावर पहिल्या आठवड्यात माझे हात थरथरायचे, झोप उडायची. मला वाटलं हे सगळं निकोटिनमुळे. अर्धा दोष चहाचा निघाला. सिगारेटच्या धुरामुळे लिव्हरमधलं एक एन्झाइम जास्त जोमाने काम करतं आणि कॅफिन लवकर संपवतं. धूर बंद झाला की ते मंदावतं, आणि तेवढ्याच चहात कॅफिन जास्त वेळ अंगात राहतं. मी दिवसाचे सहा कप होते ते तीनवर आणले आणि झोप सुधारली.

दुसरी फजिती निकोटिन गमची. दोन मिलिग्रॅमचा गम मेडिकलमध्ये मिळतो. मी तो साध्या च्युइंगमसारखा भराभर चावला आणि तासभर उचक्या देत बसलो. खरी पद्धत अशी: हळूहळू चावा, तिखट झिणझिण्या आल्या की थांबून गालात दाबून ठेवा, झिणझिण्या गेल्या की परत चावा. असं साधारण अर्धा तास. गम घेण्याआधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा, कॉफी, कोल्ड्रिंक नको, कारण तोंडात आम्लता असली की निकोटिन नीट शोषलंच जात नाही. रोज खूप ओढणाऱ्यांनी किंवा हृदयाचा वगैरे त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

घसरलात तर

तेविसाव्या दिवशी माझी ओरल वाईट गेली. बाहेर आलो, कोणीतरी पुढे केली, मी ओढली. त्या रात्री डोक्यात एकच विचार, "झालं, संपलं सगळं. आता ओढलीच आहे तर पाकीटच आणू." खरा धोका या विचाराचा असतो, त्या एका सिगारेटचा त्यापेक्षा कमी. एका विषयात केटी लागली म्हणून कोणी इंजिनिअरिंग सोडतं का? मी जर्नलमध्ये लाल पेनाने लिहिलं: 'ओरलनंतर, एकटा, उपाशी.' पुढच्या ओरलला खिशात शेंगदाणे होते आणि सोबत एक न ओढणारा मित्र होता.

मित्रांनो, एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ हा फुकट नंबर आहे. शोधायची गरज नाही, तो सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो! फोन करणं म्हणजे कमीपणा नाही.

हा लेख लिहिताना माझा पार्टनर मागे बसून वाचत होता. पाच मिनिटांपाशी आल्यावर म्हणाला, "सात मिनिटं मॅक्सिमम? नक्की?" मी जर्नलचं मागचं पान काढून दाखवलं. त्याने पूर्ण वाचलं, काही बोलला नाही. रात्री बघतो तर त्याच्या मोबाइलवर स्टॉपवॉच चालू होता.

तुमच्यापैकी कोणी आज चौथ्या दिवशी असेल, तर एवढंच सांगतो: चढ संपलाय. पाच मिनिटं थांबा.

— टी.ई. (मेकॅनिकल)