डावा हात

आपल्या गावात डावखुरी माणसे किती? कधी मोजलीत काय? शंभरांत दहाएक तरी निघतात. साऱ्या जगात साधारण हाच सुमार आहे. हजार वस्तीच्या गावात शंभर झाली. म्हणजे काही थोडी नव्हेत!

ही खोड नव्हे आणि हट्टही नव्हे. शरीराचा डावा भाग मेंदूच्या उजव्या बाजूकडून चालतो, उजवा भाग डाव्या बाजूकडून. कोणता हात पुढे होणार, याचा कल आईच्या पोटातच दिसू लागतो. यंत्रातून पाहिले, तर पुष्कळ बाळे उजवा अंगठा चोखतात, काही डावा. त्यांना कुणी शिकविले? आईबाप दोघे उजव्या हाताचे असले, तरी पोर डावखुरे निपजते.

पण जास्त लोक करतात ते रीतसर, थोडे करतात ते वावगे, असे आपण धरून चालतो. आपली बोली पाहा. सरस असेल तो 'उजवा' ठरतो. भेदभाव केला, की 'डावे-उजवे केले' म्हणतो. कात्री बनते उजव्या हातासाठी. डावखुऱ्याच्या हातात ती नीट चालली नाही, की म्हणतो, याला कापता येत नाही. दोष कात्रीचा, बोल माणसाला! आणि पंगतीत मात्र पानाची डावी बाजू, चटणी-कोशिंबीर, सगळ्यांना हवी.

डावा हात शौचाचा म्हणून हलका, असेही सांगतात. साबणाने धुतला, की कोणताही हात स्वच्छ.

महात्मा गांधींनी 1909 साली बोटीच्या प्रवासात 'हिंद स्वराज्य' लिहिले. उजवा हात दमला, की ते डाव्याने लिहीत. सचिन तेंडुलकर फलंदाजी उजव्या हाताने करी, पण सही डाव्या हाताने करतो. त्याला कोणत्या रांगेत बसवाल?

आज आम्ही हे सांगतो, पण तेव्हा आम्हांला कळत नव्हते. आमच्या वर्गात एक पोर होते. पेन्सिल डाव्या हातात धरी. आम्ही छडी मारली. एकदा नव्हे, रोज. एकदा तर रुमालाने हात बांधून ठेवला. उजव्या हाताने अक्षर वेडेवाकडे येई, मुले हसत. दिवाळीच्या सुट्टीनंतर ते शाळेत आलेच नाही. 2009 च्या कायद्याने शाळेत मारायला बंदी आली. तेव्हा तो कायदा नव्हता, असे म्हणणे ही आमची पळवाट होईल.

ते पोर पुढे गवंडी झाले. शाळेचीच भिंत बांधायला आले. डाव्या हातात थापी, भिंत ओळंब्यात सरळ. मजुरीच्या कागदावर सही मागितली, तर म्हणाला, "अंगठाच घ्या, गुरुजी." पुरुषाचा डावा अंगठा घेतात. त्याने तोच उठविला. आम्हांला काही बोलवेना.

गेल्या पावसाळ्यापासून तो रात्रीच्या वर्गाला येतो. पहिल्या दिवशी पेन्सिल उजव्या हातात धरून आमच्याकडे बघत बसला. आम्ही म्हटले, "अरे बाबा, तुझ्या हाताने लिही."

"कोणत्या, गुरुजी?"

"थापी धरतोस त्या."

आता तो पेनाने नाव लिहितो. डावखुऱ्याचा हात ओल्या शाईवरून जातो, तळहाताची कड काळी होते. वहीचे वरचे टोक जरा उजवीकडे झुकविले, की तसे होत नाही. हे त्यानेच आम्हांला दाखविले.