क्रिस्तपुराणाची हकीकत व आपले दोन पंथ

सोलापुरांत दोन ख्रिस्ती घराण्यांची सोयरीक निघाली, कीं शिक्षण व नोकरी यांच्याही आधीं पुष्कळदां एक प्रश्न पुढें येतो : "आपण कॅथलिक कीं प्रॉटेस्टंट?" सोळाव्या शतकांत युरोपांत पेटलेला हा कलह मिशनऱ्यांच्या सामानाबरोबर येथें आला. येथील माणसांनीं तो स्वतः भांडून मिळविलेला नाहीं.

भेद खोटे आहेत असें नव्हे. कॅथलिकांच्या पवित्र शास्त्रांत ७३ पुस्तकें, प्रॉटेस्टंटांच्या ६६. पोपचा अधिकार व मरियेची भक्ति यांविषयींही मतें निराळीं. परंतु भेद समजण्याआधींच मुलांस तिरस्कार शिकविला जातो, हें वाईट. विद्यार्थ्यांनीं एका मराठी ग्रंथाची हकीकत या संबंधांत अवश्य वाचावी.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट. त्याच्या तारुण्यांत इंग्लंडांत प्रॉटेस्टंट राणी एलिझाबेथचें राज्य होतें. त्याचा कॅथलिक मित्र थॉमस पाउंड धर्मासाठीं दीर्घकाळ तुरुंगांत राहिला. स्टीफन्स १५७९ मध्यें गोव्यास पोंचला, तों तेथें कॅथलिकांची सत्ता आणि १५६० पासून इन्क्विझिशनचा दरारा! छळ ही कोणा एका पंथाची मिरासदारी नव्हती. त्यानें मराठी ओंव्यांत रचलेलें 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्यें राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें.

पुढें छापील प्रती नाहींशा झाल्या. लंडनच्या पौर्वात्य विद्यालयांत, मार्सडेन यांच्या संग्रहांत, या काव्याचें देवनागरी हस्तलिखित पडून होतें. तें ओळखून १९२३ मध्यें विद्वानांपुढें मांडलें कोणीं? जस्टिन ॲबट यांनीं. हे अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे ज्या प्रॉटेस्टंट मिशननें सोलापुरांत शाळा काढल्या तिचेच. महीपतीचीं संतचरित्रें इंग्रजींत नेणारेही तेच. ज्यास महीपतीचें वावडें नाहीं, त्यास जेझुइटाचें तरी कां असावें?

१९६४ मध्यें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें प्रॉटेस्टंटांस दुरावलेले बंधु म्हटलें. १९७० मध्यें मिश्रविवाहाचे नियमही सैल झाले. मुलांच्या धर्मशिक्षणाविषयींचें वचन आतां केवळ कॅथलिक पक्षाकडून घेतात, प्रॉटेस्टंट पक्षाकडून नाहीं. पण सोयरिकीच्या बैठकींत हें ठाऊक असलेला कोणी वडीलधारा असावा लागतो. एरवीं मुलगी 'पलीकडच्या चर्चांत' जाणार, एवढ्या भयानेंच बोलणें मोडतें.