एक दिवस नको, एक वर्ष दे

अगं, यंदा राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातलंस, फार चांगलं केलंस. “ताई, आमच्या म्हसावदच्या आसपास एवढी गरिबी आहे, आम्ही कॉलेजची पोरं काय करू शकतो?” असं तू विचारलंस आणि त्याच दमात दिवाळीला कपडे आणि फराळ वाटायचा बेतही सांगितलास. बेत वाईट नाही. सातपुड्याच्या पायथ्याला हिवाळ्यात थंडी झोंबते, अशा वेळी पालावर एक धड ब्लँकेट पोचलं तरी ते पुण्याचंच काम. पण बहीण म्हणून मनातलं सांगते. वाटप संध्याकाळपर्यंत उरकतं आणि ज्या अडचणीपायी ते कुटुंब उघड्यावर आलंय ती दुसऱ्या दिवशी जिथल्या तिथं असते. तुझ्याकडे द्यायला याहून मोलाचं काही आहे, त्याबद्दल बोलूया.

आधी आपल्याकडचं बेघरपण नीट समजून घे. शहरात बेघर म्हटलं की पुलाखाली झोपलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. आपल्या जिल्ह्यात बहुतेकांना पाड्यावर कुडाचं का होईना, घर असतं. ते वर्षातले पाच-सहा महिने बंद असतं. वर धडगावचे डोंगर, खाली शहाद्याची काळी जमीन आणि मधे तुझं म्हसावद. डोंगरातलं पीक दिवाळीपर्यंत घरात येतं, ते वर्षाला पुरत नाही, मग माणसं खाली उतरतात. कुणी इथंच कापूस वेचायला, पपईच्या नाहीतर उसाच्या कामाला थांबतात, बाकीचे गुजरातेत ऊसतोडीला जातात. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात बारडोलीकडच्या ऊसतोडीचा अभ्यास केला, तेव्हा तिथल्या मजुरांत खानदेशातून गेलेली आपलीच माणसं होती. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं हे जाणं-येणं आहे.

दिवाळी झाली की रस्त्यावर जरा लक्ष देऊन बघ. गाडीत खाली धान्याची पोती, त्यावर गोधड्या, तवा, पातेली, टोपलीत कोंबडी आणि सगळ्यांच्या वर दाटीवाटीनं बसलेली पोरं. त्या पोरांतल्या बऱ्याच जणांची नावं कुठल्या ना कुठल्या शाळेच्या पटावर असतात. ते पाच-सहा महिने ही माणसं कुणाच्या तरी शेताच्या कडेला, प्लास्टिकच्या कागदाखाली, तीन दगडांच्या चुलीवर संसार करतात. गावातल्या यादीत ती गैरहजर आणि जिथं राबतात तिथल्या यादीत त्यांचं नावच नाही. खरं दुखणं हे आहे.

आपल्या मातीला तरुणांचं असं काम नवीन नाही. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती आधीपासून भिल्ल शेतमजुरांत काम करत होते, आणि मुंबई-पुण्याकडची शिकलेली तरुण मुलं त्यांच्याबरोबर येऊन राहिली. त्यांतले कुमार शिराळकर आयआयटीतून इंजिनिअर झालेले. नोकरीवर पाणी सोडून इकडे आले आणि २०२२ मध्ये जाईपर्यंत कष्टकऱ्यांचेच राहिले. हातातून गेलेल्या जमिनी, शेतमजुरांची मजुरी, सालदारांचे हाल, सावकारी हे संघटनेचे विषय होते. बायांनी दारूविरुद्ध मोहीम काढली, दारूची मडकी फोडली. आदिवासींच्या जमिनी परत मिळवून देणारा राज्याचा कायदाही याच काळातला, १९७४ चा आहे. ती शिकलेली मुलं वाटप करायला आली नव्हती. ती थांबली, भाषा शिकली, कागद वाचायला आणि प्रश्न विचारायला लोकांच्या शेजारी उभी राहिली.

त्याच संघटनेतले आपले कवी वाहरू सोनवणे. त्यांची ‘स्टेज’ ही कविता सेवा योजनेच्या शिबिराला जाण्याआधी तुमच्या गटानं एकदा एकत्र बसून वाचा. आदिवासींचं दुःख दुसरेच कुणी व्यासपीठावरून सांगत राहतात, हा तिचा विषय. सेवा करायला निघालेल्या प्रत्येकानं ती मनाशी ठेवावी. तुमच्या वर्गात पाड्यावरून येणारी, घरी भिलोरी नाहीतर पावरी बोलणारी मुलं-मुली असतील. काही जण स्वतः लहानपणी त्या गाडीत पोत्यावर बसून गेलेले असतील. त्यांना दुभाषा म्हणून मागे ठेवू नका. काय करायचं हे ठरवायला त्यांनाच पुढे बसवा.

आता तुझ्याकडे काय आहे ते सांगते. तुला लिहिता-वाचता येतं, हातात फोन आहे, शहाद्याला जायला एस.टी. आहे आणि कचेरीत चार प्रश्न विचारायची हिंमत आहे. मजुरी बुडवून तहसीलला तीन खेपा घालणं ज्या माउलीला परवडत नाही, तिच्यासाठी यापेक्षा मोठी मदत नाही. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली, ३७ विद्यापीठांत, ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन. आज तुला दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर करायचं असतं. आता गंमत बघ, शिबिर बहुधा हिवाळ्यात भरतं आणि नेमकी तेव्हाच सगळ्यात गरीब माणसं गावात नसतात. तुम्ही रस्ता झाडता, भिंती रंगवता, पण ज्यांच्यासाठी आलात त्यांच्या दाराला कडी असते. म्हणून तास तेवढेच ठेव, पण ते वर्षभर पसर. चार-पाच मैत्रिणींचा गट कर आणि थोडी कुटुंबं निवडा, दहासुद्धा पुष्कळ झाली. त्यांचं वर्ष जसं चालतं तसं तुमचं काम चालू द्या.

पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत कागद बघा. रेशनकार्डावर घरातल्या प्रत्येकाचं नाव आहे का? प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळतं, म्हणजे एक नाव राहिलं की दर महिन्याला ५ किलो गेलं. अंत्योदय कार्डाला घरटी ३५ किलो. ई-केवायसी झालीय का हेही बघा, कारण इथं एक अडचण हमखास येते. ऊस तोडून, कापूस वेचून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. म्हातारी मशीनवर अंगठा टेकवते, मशीन नाही म्हणतं. ती अंगठा लुगड्याला पुसून परत टेकवते, परत नाही. मागची रांग कुरकुरायला लागते आणि ती पिशवी घडी करून निघून जाते. तिच्या शेजारी तू उभी असलीस तर तिला परतून जावं लागणार नाही. “दुसरं बोट लावून बघा, नाहीतर डोळ्यांच्या मशीनची सोय कुठं आहे सांगा,” एवढं शांतपणे म्हण. आणि जाणाऱ्या कुटुंबाला आवर्जून सांग, हेच कार्ड गुजरातेतही चालतं.

पोरांचे जन्मदाखले बघा. मूल ऊसतोडीवर जन्मलं तर नोंद तिथंच, जन्माच्या ठिकाणी व्हायला हवी, तीही २१ दिवसांत. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. दाखला नाही म्हणून आधार नाही, आधार नाही म्हणून रेशनवर नाव नाही, अशी ही साखळी पाळण्यातच सुरू होते.

दिवाळीच्या तोंडावर तीन कामं. मुलाला गावात ठेवता येत असेल तर शाळेत हंगामी वसतिगृहाची सोय होणार का ते मुख्याध्यापकांना विचारा. तीही मागणी केली तरच होते. मूल जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड घेऊन जाऊ दे, म्हणजे तिथल्या शाळेत बसता येईल. बाई गरोदर असेल तर अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना आधी कळवा आणि तपासणीचं कार्ड गाठोड्यात घालायला सांगा. तिसरं काम वहीचं. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते आणि तिचा हिशेब फक्त मुकादमाच्या वहीत असतो. प्रत्येक कुटुंबाला एक साधी वही द्या. घरातलं चौथी-पाचवी शिकलेलं कुणीतरी तारीख, किती टन तोडलं, किती पैसे मिळाले, किती खाडे झाले हे रोज लिहील असं बघा. पहिली दोन पानं तुम्ही आखून द्या. शंभर ब्लँकेटांपेक्षा या वहीचा आधार जास्त.

हिवाळ्यात मागे राहिलेले म्हातारे आणि लेकरं यांच्याकडे जा. म्हसावदच्या शिवारात बाहेरून आलेल्यांची पालं पडतात, तिथंही जा; ब्लँकेटं द्यायचीच तर तेव्हा द्या, धुतलेली आणि न फाटलेली. फोटो काढू नका. आपल्याच आईला कुणी साडी देताना चारजण फोटोला उभे राहिले तर आपल्याला कसं वाटेल, तेवढा विचार पुरे. वडीलधाऱ्यांना माय, बाबा, मावशी म्हणून हाक मारा, टेकायला जागा दिली तर बसा आणि चहा दिला तर घ्या. गरिबाच्या घरचा चहा नाकारणं त्याला फार लागतं.

होळीला माणसं परत येतात. ढोल वाजू द्या, सण होऊ द्या, मग वह्या उघडा. मुकादमाचा हिशेब आणि वहीतला हिशेब जुळत नसेल तर तुम्ही पोरींनी त्याच्याशी एकट्यानं वाद घालायचा नाही. प्राध्यापकांना सांगा आणि शहाद्याच्या तालुका विधी सेवा समितीकडे कुटुंबाला घेऊन जा. १९८७ च्या कायद्यानं आदिवासींना आणि स्त्रियांना, त्यांची मिळकत कितीही असली तरी, वकील फुकट मिळतो. उचल फिटली नाही म्हणून माणसाला जबरदस्तीनं डांबून राबवणं हा १९७६ च्या कायद्यानं गुन्हा आहे, हे त्यांना माहीत असू दे.

घरकुलाचं कामही असंच अडतं. डोंगराळ भागात प्रधानमंत्री आवास योजनेचे १ लाख ३० हजार ठरले, ते हप्त्यांनी येतात. जोतं झालं की फोटो, भिंती झाल्या की फोटो, मग पुढचा हप्ता. बांधकामाचे कोरडे महिने तेच ऊसतोडीचे महिने. माणूस तोडीवर, जोतं उघडं, हप्ता अडकलेला, आणि गावात बोलणारे म्हणतात, “सरकार देतंय तर यांना बांधता येत नाही.” अशा घरासाठी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना भेटून हप्ता कुठं अडलाय ते विचारणं आणि तोडीवरच्या माणसाला फोनवर कळवणं, एवढं तू करू शकतेस. त्याच्या भावाला जवळ बसवून पुढचं काम कधी धरायचं ते ठरवून घेणंही तुला जमेल. गावातच काम मिळावं म्हणून रोजगार हमीची मागणी लेखी करायला लावा आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय उठू नका. या राज्यात ही हमी १९७७ च्या कायद्यानं आलेली आहे, कुणाची मेहरबानी नाही.

आता तुझ्याबद्दल. दोघी-तिघी मिळून जा, अंधाराच्या आत घरी ये, कुठं जातेस ते घरी सांगून जा. आई काळजी करते, “पोरगी कुठं कुठं फिरते” म्हणते, तर एकदा तिलाच बरोबर ने. पालावरच्या बाईशी तिचं दोन मिनिटांत जमेल, तुला जमायला महिना लागेल. परीक्षा बुडवू नकोस. तू पदवीधर होणं हीसुद्धा त्या पाड्यावरच्या पोरींची गरज आहे. आणि सगळं काही होणार नाही, हे मनाशी धरून चाल. एखादा अर्ज वर्षभर पडून राहील, एखादं कुटुंब सगळं करूनही पुन्हा उचल घेईल. त्यांच्यावर रागावू नकोस. पोटाचा हिशेब त्यांचा त्यांना कळतो. तू फक्त येत राहा. माणसांचा विश्वास बसतो तो परत येणाऱ्यावर.

तिसऱ्या वर्षाला जाशील तेव्हा तुझी वही धाकट्या वर्गातल्या मुलीच्या हाती दे. कुणाचं कार्ड झालं, कुणाचं राहिलं, कुठल्या टेबलावर कोण नीट बोलतं, सगळं तिच्यात लिहून ठेव, म्हणजे तिला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. सध्या एवढंच कर. येत्या रविवारी दोन मैत्रिणींना घे, घराजवळच्या एका पाड्यावर जा, कसलंही वाटप न करता तासभर बस आणि रेशनकार्ड दाखवाल का म्हणून विचार. काय दिसलं ते मला सविस्तर कळव. पुढचं आपण मिळून ठरवू.