खाण अभियांत्रिकी आणि मुली : प्रश्न अनुभवाच्या संधीचा

रायपूर येथील राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेची स्थापना १९५६ साली शासकीय खाण व धातुशास्त्र महाविद्यालय या नावाने झाली. कोरब्याचा कोळसा आणि दल्ली-राजहराचे लोहखनिज लाभलेल्या या प्रदेशात खाणविद्येचे शिक्षण म्हणजे रोजगाराची हमखास वाट होय. तथापि, ही वाट मुलींसाठी दीर्घकाळ बंद राहिली. तिचे कारण बुद्धिमत्तेत नव्हते, तर प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेण्यावर असलेल्या बंदीत होते.

बंदीचा परिणाम

१९५२ च्या खाण कायद्यातील कलम ४६ नुसार भूमिगत खाणीत स्त्रियांना कामावर ठेवण्यास मनाई होती. जमिनीवरील कामही त्यांना सकाळी ६ ते सायंकाळी ७ या वेळेतच करता येई. हेतू संरक्षणाचा असला तरी परिणाम वेगळाच झाला. खाण व्यवस्थापकाच्या प्रमाणपत्रासाठी परीक्षेबरोबरच प्रत्यक्ष कामाचा अनुभव आवश्यक असतो. भूगर्भात उतरता येत नसल्याने हा अनुभव मिळत नसे आणि अनुभवाअभावी केवळ खुल्या खाणींपुरते मर्यादित प्रमाणपत्र हाती येई. साहजिकच पालक आणि महाविद्यालयेही मुलींना या शाखेपासून परावृत्त करीत.

शेजारच्या विदर्भातील उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. चंद्राणी प्रसाद वर्मा यांना या शाखेतील शिक्षणासाठी न्यायालयात जावे लागले. १९९९ मध्ये नागपूर येथून पदवी घेऊन त्या देशातील पहिल्या महिला खाण अभियंता ठरल्या आणि पुढे संशोधन क्षेत्रात कार्यरत झाल्या.

बदललेली परिस्थिती

२९ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने तांत्रिक, पर्यवेक्षकीय व व्यवस्थापकीय कामांसाठी, लेखी संमतीने आणि किमान तिघींच्या गटाने, महिलांना दिवसा भूमिगत खाणीत जाण्याची मुभा दिली. त्यानंतर हिंदुस्थान झिंकच्या संध्या रसकटला आणि योगेश्वरी राणे यांनी प्रथम वर्ग व्यवस्थापकाचे अमर्यादित प्रमाणपत्र संपादन केले. २०२१ मध्ये आकांक्षा कुमारी झारखंडमधील चुरी या भूमिगत कोळसा खाणीत रुजू झाल्या. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने सर्व प्रकारच्या कामांत महिलांच्या नियुक्तीस मान्यता दिली असून, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे.

पुढील दिशा

कायद्याचा अडसर दूर झाला, तरी केवळ त्याने मुली खाणीत पोहोचतील असे नाही. अनुभवाची संधी योजनापूर्वक निर्माण करावी लागेल. शालेय स्तरावर मुलींना पालकांसह खाणी व कार्यशाळांची भेट घडवावी. सुट्टीतील प्रशिक्षणासाठी एकट्या विद्यार्थिनीस न पाठविता गटाने पाठवावे. शिकाऊ उमेदवारीच्या जागा देताना स्वच्छतागृह, कपडे बदलण्याची खोली, योग्य मापाची सुरक्षा साधने आणि सुरक्षित वाहतूक यांची व्यवस्था आधी करावी. अनुभवी महिला अभियंत्यांचे मार्गदर्शनही उपलब्ध व्हावे.

२०१८ पासून राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांमध्ये मुलींसाठी अधिसंख्य जागा निर्माण करण्यात आल्या. त्यामुळे वर्गाचे दार रुंदावले. परंतु वर्गातून खाणीपर्यंतचा टप्पा अनुभवाविना ओलांडता येत नाही. म्हणूनच प्रवेशाइतकेच महत्त्व प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणास दिले, तरच रायपूरसारख्या शहरातील मुलींना आपल्या भूमीतील उद्योगात बरोबरीचे स्थान मिळू शकेल.