सुई, संप्रेरके आणि स्मरणशक्ती

दिवसभर नोकरी करून रात्री अभ्यासाला बसणारे अनेक प्रौढ विद्यार्थी दिल्ली, नोएडा, फरीदाबाद या परिसरात राहतात. घरी पाठ झालेले उत्तर परीक्षागृहात आठवेनासे होते, हा त्यांच्यापैकी पुष्कळांचा अनुभव असतो. त्याचे खापर ते आपल्या वयावर किंवा बुद्धीवर फोडतात. खरे कारण मात्र बहुधा ताण हे असते.

मनावर ताण आला, की मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. संप्रेरक म्हणजे शरीरातील रासायनिक निरोप्या. हा निरोप मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात पोहोचतो. नव्या आठवणी घडवण्यात या भागाचा मोठा वाटा असतो. कॉर्टिसॉल एकाएकी वाढले, तर साठवलेली माहितीही काही काळ आठवत नाही.

विद्युत-ॲक्युपंक्चरचा संबंध येथे येतो. या पद्धतीत त्वचेत बारीक सुया टोचून त्यांतून सौम्य विद्युतप्रवाह सोडतात. त्यामुळे मज्जातंतू उद्दीपित होतात व मेंदूत एंडॉर्फिनसारखी वेदनाशामक द्रव्ये स्रवतात. ताणाखाली ठेवलेल्या उंदरांवरील काही प्रयोगांत या उपचारानंतर ताणाचे संप्रेरक घटले आणि स्मरणाच्या चाचण्यांत उंदरांची प्रगती दिसली. माणसाची स्मरणशक्ती मात्र या उपचाराने वाढते, असे अद्याप सिद्ध झालेले नाही.

भारतातील या उपचाराचा इतिहास एका सेवाकार्याशी जोडलेला आहे. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. १९४२ साली तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून ते कोलकात्यात रुजवले. केंद्र सरकारने २००३ साली त्याला उपचारप्रकार म्हणून आणि २०१९ साली स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. तथापि, पद्धतीला मान्यता मिळाली म्हणून तिच्या नावाने केलेला प्रत्येक दावा खरा ठरत नाही.

म्हणूनच 'स्मरणशक्ती हमखास वाढेल' अशी जाहिरात वाचणाऱ्याने आधी विचारावे : प्रयोग कोणावर झाला? उपचार न घेतलेल्यांशी तुलना केली होती का? पुरेशी झोप, ठरावीक दिवसांनी उजळणी आणि पुस्तक मिटून स्वतःच स्वतःला प्रश्न विचारणे, या उपायांना पैसे पडत नाहीत आणि त्यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे.

पाठाधारित प्रश्न
१. परीक्षेच्या वेळी पाठ केलेले उत्तर का आठवत नाही?
२. 'मान्यता' आणि 'सिद्धता' यांतील फरक स्पष्ट करा.