सोळा नंबर मोकळा ठेव गं

अगं, तुझा मेसेज वाचला. पोरांचे कपडे, सासूबाईंच्या गोळ्या, दशम्या, बोट लागली तर आलेपाक, आणि शेवटी हे: 'दोन होड्यांवर हातातले वायरलेस सेट असणार आहेत, मला त्यातलं काही कळत नाही.' बघ, खडकीत बसून समुद्राची भीती मोठीच वाटते. पण सेट शिकायला अर्धा तास पुरतो, आणि तुला तो शिकायचाच आहे.

'तांडेल बघेल' म्हणून सोडून देऊ नकोस. होडी तोच चालवणार, सेटही त्याच्याच हाताशी असणार, हे ठीक आहे. पण त्यालाच चक्कर आली, तोच पाण्यात पडला, तर बोलणार कोण? म्हणून प्रत्येक होडीवर निदान दोघांना सेट वापरता आला पाहिजे, आणि तुमच्या होडीवर त्यातली एक तू. भावोजींवर टाकून मोकळी होऊ नकोस. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा अधिकारी मुली 'तारिणी' घेऊन गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आल्या. तुला तर फक्त गेटवेहून मांडव्याला जायचंय आणि दुसऱ्या दिवशी खांदेरीकडे एक फेरी मारायचीय.

दिरांनी अमेरिकेहून आणलेला सेट मात्र घरीच ठेव. तिथे सुट्टीत फिरायच्या होडीवर, त्यांच्याच पाण्यात, तो वेगळ्या परवान्याशिवाय चालतो. आपल्याकडे त्याला दूरसंचार खात्याचा परवाना लागतो. सॅटेलाइट फोनचंही तेच. होडीवाल्याचा परवान्यातला सेट असेल तोच वापरायचा, आणि पैसे भरण्याआधी तो आहे का, चार्ज केलेला आहे का, हे फोन करून विचारायचं. विचारायला लाजू नकोस गं, पैसे आपण देतोय.

आता धक्क्यावर गेलीस की सेट हातात घे. आवाजाचं बटण असतं. 'स्क्वेल्च' म्हणजे खरखर दाबायचं बटण. खरखर जेमतेम थांबेल तिथेच ते ठेवायचं, जास्त फिरवलं तर लांबचा बारीक आवाजही दबून जातो. बाजूला मोठं बटण, ते दाबलं की तू बोलतेस, सोडलं की ऐकतेस. दाबून क्षणभर थांब आणि मग बोल, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. सेट तोंडाला चिकटवायचा नाही, चार बोटं लांब, किंचित तिरका, म्हणजे वाऱ्याची आणि श्वासाची फरफर जात नाही. ओरडायचं तर अजिबात नाही. आणि त्याची दोरी मनगटात किंवा जॅकेटला अडकवलेली हवी, सगळे सेट पाण्यावर तरंगत नाहीत.

बहुतेक सेटांना ताकदीच्या दोन पायऱ्या असतात, १ वॉट आणि ५ वॉट. शेजारच्या होडीशी बोलायला १ पुरे, बॅटरीही टिकते. पण हा काही मोबाइल नव्हे. लाटेच्या उंचीवर बसून दोन हातातल्या सेटांमध्ये चार-पाच मैल मिळाले तरी खूप झालं. मध्ये डोंगर किंवा बेट आलं की तेही नाही. म्हणून दुसरी होडी खांदेरीच्या पलीकडे गेली आणि उत्तर येईना, तर लगेच घाबरायचं नाही. थोडं पुढे जाऊन पुन्हा हाक मारायची.

खरं सांगू का, चुकतं ते बटणात नाही, बोलण्यात. चॅनल १६ हा जगभर हाक मारायचा आणि संकटाचा चॅनल. तो चाळीतल्या सामाईक नळासारखा आहे, हंडा भरला की बाजूला व्हायचं. आधी ऐकायचं, कुणी बोलत नाही ना. समज, दुसऱ्या होडीचं नाव 'शलाका' आणि तुमची 'मैना'. मग म्हणायचं, "शलाका, शलाका, मी मैना, ओव्हर." तिकडून उत्तर आलं की, "७२ वर या, ओव्हर." दोघी ७२ वर जाऊन काय ते बोला, आणि झालं की परत १६ वर. मुंबई बंदरात मोठी जहाजं सतत जा-ये करतात आणि त्यांची बोलणी इंग्रजीत चालतात. बंदराचा स्वतःचा चॅनल कोणता, ते तांडेलाला विचारून घे आणि त्यावर आपण बोलायचं नाही. 'ओव्हर' म्हणजे आता तू बोल, 'आउट' म्हणजे संपलं. खडकीत लष्कराच्या सॅपर्सच्या शेजारात वाढलेल्या मुलीला हे नव्याने सांगायला नको. जेवलात का, फोटो पाठवला का, हे सेटवर नको. तुमचं बोलणं त्या टापूतली प्रत्येक होडी ऐकते. आणि मुलांच्या हातात सेट खेळायला द्यायचा नाही. बटण चुकून दाबलेलं राहिलं, तर त्या चॅनलवर बाकी कुणालाच बोलता येत नाही. हे मी फार कळकळीने सांगते आहे.

संकटाचं बोलणं मात्र पाठच करून टाक. जीव धोक्यात असेल तरच: १६ वर, पूर्ण ताकदीने, "मेडे, मेडे, मेडे." मग होडीचं नाव तीनदा. मग पुन्हा एकदा "मेडे" आणि नाव, आपण कुठे आहोत, काय झालंय, कोणती मदत हवी, होडीवर किती माणसं, "ओव्हर". 'कुठे'ला सगळ्यात जास्त जप. मोबाइलवर अक्षांश-रेखांश दिसत असतील तर ते, नाहीतर "खांदेरीच्या दीपस्तंभाच्या पश्चिमेला दोन मैल" असं. इंग्रजी अडखळलं तर मराठीत बोल. किनाऱ्यावरच्या मच्छीमार होड्या ऐकत असतात. जिवाला धोका नाही, पण इंजिन बंद पडून होडी वाहत चाललीय, अशा वेळी "पॅन-पॅन" तीनदा. आणि दुसऱ्या कुणाचा मेडे ऐकलास तर गप्प राहा, वेळ आणि ठिकाण लिहून घे. कुणीच उत्तर देत नसेल तर तो निरोप पुढे पोचवायचा. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४, आत्ताच सेव्ह कर.

माणसं मदतीला येतात गं. १४ मार्च २०२० ला मांडव्याजवळ प्रवासी बोट बुडायला लागली, ८८ जण होते. पोलिसांची गस्ती नौका जवळ होती, तिने सगळ्यांना वाचवलं. समुद्रात जी होडी जवळ असते तीच आधी पोचते. तिला तुझा आवाज ऐकू जायला १६ मोकळा हवा, म्हणून हा सगळा शिष्टाचार.

लाइफ जॅकेट सगळ्यांना, पोरांना त्यांच्या मापाचं. परत आल्यावर सेट गोड्या पाण्याने पुसून होडीवाल्याला द्यायचा. बाकी उद्या संध्याकाळी फोन कर आणि ते मेडेचं वाक्य मला न अडखळता म्हणून दाखव. दशम्या जरा जास्तच घे, समुद्रावर पोरांना भूक फार लागते.