प्रश्न विचारलास म्हणून देव रागावणार नाही

अगं, तुझा तो लांबलचक मेसेज रात्रीच वाचला, पण फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू रडली असतीस, मी विरघळले असते आणि सांगायचं ते राहूनच गेलं असतं. म्हणून लिहूनच पाठवते. व्हाइटफील्डहून परत येताना कॅबमध्ये वाच, सिल्क बोर्डाच्या ट्रॅफिकमध्ये वेळच वेळ असतो.

मला कळलं ते असं. ऑफिसातली मैत्रीण तुला सत्संगाला घेऊन गेली आणि सुरुवातीला तिथे तुला खूप बरं वाटलं. भजन, ध्यान, गरम पोंगल, आणि बंगलोरसारख्या परक्या शहरात 'जेवलीस का' म्हणून विचारणारं कुणीतरी. मग गुरुजींनी तुझ्या पत्रिकेत दोष काढला. शांत न करता लग्न केलंस तर ज्याच्याशी लग्न करणार त्या मुलाच्या जिवाला धोका, म्हणाले. शांतीचे एकवीस हजार. तू फक्त 'कुठला दोष, कुठल्या घरात' एवढं विचारलंस, तर सगळ्यांदेखत ऐकून घ्यावं लागलं की प्रश्न हा अहंकार असतो आणि खरं प्रेम समर्पण करतं. आणि आता तू मला विचारतेस, ताई, माझी श्रद्धा कमी पडते आहे का?

बाळा, तुझ्या मेसेजमध्ये मला श्रद्धा फारशी दिसलीच नाही. भीती दिसली. 'नाही केलं आणि उद्या त्याला काही झालं तर?' हे तू वेगवेगळ्या शब्दांत पुन्हापुन्हा लिहिलं आहेस. त्या मुलावर तुझा जीव आहे, आणि नेमकी तीच जागा गुरुजींनी बोट ठेवायला निवडली. मला राग आला आहे तो याचा. एकवीस हजार गेले तर परत मिळवता येतील गं. पण आपल्या प्रेमाचा वापर करून कुणीतरी आपल्याला घाबरवतंय, हे खपवून घ्यायचं नाही.

मी काही नास्तिक नाही, तुला माहीत आहे. माझ्या देव्हाऱ्यात आजीचा विठोबा आहे, आषाढीला मी उपास करते, आणि मल्लेश्वरमला राहते तर सोमवारी काडु मल्लेश्वराला जाऊन येते. त्या देवळात व्यंकोजीराजांचा १६६९ चा शिलालेख आहे. आपली माणसं या गावात शहाजीराजांच्या काळापासून देवापुढे हात जोडत आली आहेत. तेव्हा देव सोड असं मी सांगणार नाही. फक्त देवाच्या नावाने जे सांगितलं जातं ते पारखून घे, एवढंच.

बहिणीने समजूत घालायची रीत आपल्याकडे जुनी आहे. लोकांच्या टाकून बोलण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा बाहेर उभी राहून त्यांची समजूत काढणारी धाकटी मुक्ताबाईच होती. ताटीचे अभंग आपण लहानपणापासून ऐकतो, पण ही मुलं कुठल्या घरातली होती ते आठवून बघ. वडील संन्यास सोडून संसारात परतले होते. त्याला उपाय एकच, देहान्त प्रायश्चित्त, असा निवाडा झाला आणि आईवडिलांनी तो पाळला, अशी कथा आहे. निवाडा देणाऱ्यांकडे पोथ्या होत्या, अधिकार होता, आपण धर्माचंच करतो आहोत याची पक्की खात्री होती. मागे राहणारी चार लेकरं तेवढी कुणाच्या हिशेबात नव्हती. मुक्ताबाईने जगावर दात धरला असता तरी कुणी तिला नाव ठेवलं नसतं. तीच पोर भावाला सांगते, राग सोड, लोकांकडे मायेने बघ, दार उघड. त्या गोष्टीत देव कुणाला कळला होता, हे ठरवायला मला कुठल्याही शास्त्र्याची गरज वाटत नाही.

आणि आता तू कर्नाटकात आहेस तर अक्कमहादेवीचं ऐक. बाराव्या शतकातली, शिवमोग्याकडच्या उडुतडीची. चेन्नमल्लिकार्जुन, म्हणजे शिव, हाच आपला नवरा म्हणाली, राजवाडा सोडला, अंगावरची वस्त्रंही सोडली आणि केसांनी अंग झाकून चालत कल्याणला आली. म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या उमरग्याहून फार लांब नाही. प्रेमात इतकं झोकून दिलेली बाई आली म्हणून अनुभवमंटपात, म्हणजे तिथल्या शरणांच्या सभेत, कुणी लगेच आरती घेऊन धावलं नाही. अल्लमप्रभूंनी तिला भर सभेत उलटतपासणीला उभं केलं. तुझा नवरा कोण? सगळं टाकलंस तर मग केसांनी अंग का झाकतेस? शून्यसंपादने या ग्रंथात हा सगळा संवाद आला आहे. प्रश्न बोचरे आहेत, एकदोन तर मला आजही नको इतके बोचरे वाटतात. पण ती डगमगली नाही. एकेका प्रश्नाला उत्तर देत गेली आणि मग त्याच सभेने तिला अक्का म्हटलं. तिच्या प्रेमाला प्रश्न सोसले. तुझ्या गुरुजींना 'कुठल्या घरात' एवढंही सोसलं नाही!

इथल्याच एका माणसाबद्दल तुला सांगायचं बरेच दिवस मनात होतं. बसवनगुडीच्या नॅशनल कॉलेजवरून तू कितीदा गेली असशील, गांधी बाजारात डोसा खायला जाताना. तिथे एच. नरसिंहय्या होते. गौरीबिदनूर तालुक्यातल्या होसूरच्या गरीब घरातला मुलगा, बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेला, पुढे अमेरिकेत जाऊन भौतिकशास्त्रात डॉक्टरेट करून आलेला. अंगावर खादी, डोक्यावर गांधी टोपी. लग्न केलं नाही, कॉलेजच्या वसतिगृहातल्या एका खोलीत उभं आयुष्य काढलं. कुलगुरू झाले तरी खोली सुटली नाही. १९७६ मध्ये बंगलोर विद्यापीठाचे कुलगुरू असताना त्यांनी चमत्कार आणि अंधश्रद्धा तपासायला समिती नेमली आणि सत्यसाईबाबांना पत्रं लिहिली, तुमचे चमत्कार आमच्यासमोर करून दाखवा. दाखवायला कुणी आलं नाही. केवढं वादळ उठलं असेल, विचार कर. प्रश्न विचारल्याशिवाय काहीही स्वीकारू नका, हे ते आयुष्यभर पोरांना सांगत राहिले.

आता गंमत बघ. देवाचं नाव न घेणारा हा माणूस आणि ऊठसूट रामनाम घेणारे गांधीजी, ज्यांना हा गुरू मानायचा. गांधीजी १९३१ च्या डिसेंबरात गोलमेज परिषदेहून परतताना स्वित्झर्लंडमध्ये लोझानला थांबले होते. तिथल्या सभेत कुणीतरी विचारलं, तुम्ही सत्यालाच देव का मानता? त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता: मी आधी देव म्हणजे सत्य असं म्हणत असे, आता सत्य म्हणजे देव असं म्हणतो, कारण देव नाकारणारा माणूसही सत्य नाकारत नाही. आणि त्या सत्याकडे जायची सगळ्यात जवळची वाट त्यांना प्रेमाची दिसली. म्हणजे नरसिंहय्यांसारख्या माणसालाही आत बसायला जागा ठेवूनच त्यांनी ही वाक्यरचना फिरवली होती, असं मला वाटतं. तुझ्या सत्संगात अशी एखादी खुर्ची आहे का, बघ जरा.

पण थांब, दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तू उद्या सगळ्यांनाच उलटतपासणीला उभं करशील. नुसता प्रश्न विचारला म्हणजे झालं, असंही नसतं.

चैत्र पौर्णिमेच्या रात्री मी आणि तुझे भावजी एकदा करग बघायला जुन्या पेटेत गेलो होतो. तू यंदा चुकवू नकोस. तिगळ समाजाचा उत्सव. ही माळीकाम करणारी माणसं, द्रौपदीला देवी मानणारी. मध्यरात्र उलटून गेल्यावर धर्मरायस्वामींच्या देवळातून करग निघतो. मोगऱ्याच्या फुलांचा उंच मनोरा पुजाऱ्याच्या डोक्यावर, अंगावर बाईचा वेष, बांगड्या. मनोऱ्याला हात लावायचा नाही, नुसत्या डोक्यावर तोलत गल्लीबोळांतून नाचत चालायचं. भोवती उघड्या तलवारी घेतलेले वीरकुमार, आणि सारखा 'गोविंदा गोविंदा'चा गजर. आधी वास येतो, मग तलवारींचा खणखणाट, आणि मग ते पांढरं शिखर वळणावरून डुलत पुढे येतं. माझ्या शेजारच्या म्हातारीने एवढ्या गर्दीतसुद्धा पायांतल्या चपला काढून हातात घेतल्या होत्या.

तर हा करग वाटेत कॉटनपेटच्या हजरत तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यात जातो. दरवर्षीची प्रथा आहे. म्हणतात, हा फकीर करग बघायला आला आणि गर्दीत जखमी झाला, देवळाच्या पुजाऱ्यांनी त्याच्यावर उपचार केले, आणि त्याने मागून घेतलं की माझ्यामागे करगाने माझ्या दारी येऊन जावं. पुरावा मागितलास तर मिळायचा नाही. पण देवी फकिराकडे जाते हे मात्र कुणालाही उभं राहून बघता येतं.

२०२२ मध्ये काही लोकांनी प्रश्न विचारलाच, हिंदू देवीने दर्ग्यात का जायचं? दिसायला हाही चिकित्सेचाच प्रश्न. तेव्हा दर्ग्याच्या लोकांनी देवळात येऊन आमंत्रण दिलं, देवळाच्या समितीने प्रथा मोडणार नाही म्हणून सांगितलं, आणि करग गेला. मी त्या दिवसापासून एक सवय लावून घेतली आहे. कुणी श्रद्धा सांगो की शंका, आधी बघायचं की हे ऐकल्यावर कोण आत येणार आणि कोण बाहेर हाकललं जाणार. नरसिंहय्यांच्या प्रश्नाने गरिबाची फसवणूक थांबत होती. या प्रश्नाने शेजाऱ्याचं दार बंद होत होतं.

आणि ज्याच्यावर आपलं प्रेम आहे त्यालाही प्रश्न विचारायचं सोडायचं नाही हं. करग वाहणारा आपल्याच बायकोचं मंगळसूत्र आणि बांगड्या घालतो आणि उत्सव संपेपर्यंत तिने त्याच्या नजरेस पडायचं नाही, अशी रीत सांगतात. तो मनोरा बघून माझे हात आपोआप जोडले गेले, पण घरात ओक्या गळ्याने बसलेली ती बाई काही डोक्यातून जाईना. भावजी म्हणाले, तुला कुठेही खोट काढल्याशिवाय चैन पडत नाही. असेल. पण हात जोडलेले असतानाही तिचा विचार करता येतो की नाही?

तुला वाटेल हे सगळं पुस्तकी आहे. मग माझ्या सासूबाईंचं सांगते. त्यांचं सोवळं तू पाहिलं आहेस. वर्षानुवर्षं घरी कामाला येणारी अक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतच यायची, कॉफी तिला वेगळ्या स्टीलच्या लोट्यात, आणि तो लोटा मोरीपाशी पालथा. मी वाद घातले, रागावले, अबोला धरला. ढिम्म. शेवटच्या आजारपणात मात्र त्यांना उठवणं, पुसणं, कूस बदलणं हे तीच करायची, कारण माझा हात त्यांना टोचायचा आणि तिचा नाही. एका दुपारी मी ऑफिसचा कॉल संपवून बाहेर आले तर अक्का पलंगाच्या कडेवर बसली होती आणि सासूबाई आपल्या चांदीच्या लोट्यातली कॉफी डबऱ्यात ओतून तिच्या हातात देत होत्या. अर्धी तुला, अर्धी मला. त्यावर त्या कधी काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी अंघोळीआधी लोणच्याच्या बरणीला हात लावला म्हणून परत ओरडल्याच! पण तो वेगळा लोटा नंतर कुणी मोरीपाशी ठेवला नाही. इतक्या वर्षांत माझ्या युक्तिवादाने जे झालं नाही ते त्या हाताने केलं, हे मला मान्य करायला जड गेलं. तरी माझे वाद अगदी वाया गेले असंही मी म्हणणार नाही. त्यांनी ऐकलं सगळं होतं.

तेव्हा तिथे जाऊन भांडू नकोस. त्या मंडळींत मनापासून आलेली माणसं असणार, तुझ्या मैत्रिणीसारखी. तिच्याशी अबोला धरू नकोस. गुरुजींना मात्र शांतपणे दोन गोष्टी विचार: शांत केली नाही तरी मी भजनाला आले तर चालेल का? आणि हे पैसे मी तुम्हाला न देता एखाद्या मुलाच्या फीसाठी दिले तर दोष जाईल का? हसून 'चालेल' म्हणाले तर खुशाल जात राहा, माणूस बरा आहे. कपाळाला आठी पडली तर तुला उत्तर मिळालं.

आणि हो, त्या मुलाला यातलं काही सांगितलं आहेस का? मेसेजमध्ये कुठे दिसलं नाही. त्याच्या जिवाच्या काळजीने तू रात्ररात्र जागतेस आणि त्यालाच पत्ता नाही, हे काही बरं नव्हे. आधी त्याच्याशी बोल. भीतीसुद्धा सांग, लाजू नकोस. तो हसला तर मला कळव, मी बघते त्याच्याकडे.

आईला इतक्यात काही बोलू नकोस. ती लगेच आपल्या गावच्या गुरुजींना पत्रिका दाखवेल आणि एकाचे दोन दोष होतील. मी दिवाळीला जाईन तेव्हा समोर बसून सांगते. एकवीस हजार तसेच राहू देत खात्यात. लग्नानंतर घर बघाल तेव्हा इथले घरमालक सहासहा, दहादहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून मागतात, आणि त्यावर कुठलीही शांत चालत नाही.